चव न घेता केलेलं रशियन सॅलड

आमच्या घरात स्वयंपाक करताना चव घेत नाहीत. लग्न होऊन मी कुंभार पिंपळगावला आले, त्या पहिल्याच आठवड्यात मी वरणाची पळी तळहातावर टेकवली आणि हात जिभेला लावला. सासूबाईंनी बघितलं. पातेलं फडक्यानं धरून उचललं, गोठ्यात गेल्या आणि सगळं वरण गाईपुढच्या पाटीत ओतून आल्या. मग पुन्हा डाळ शिजायला घातली. त्या दिवशी घरातले सगळे दोन तास उशिरा जेवले, आणि का ते सगळ्यांना माहीत होतं.

नंतर नवऱ्याच्या नोकरीसाठी आम्ही जालन्याला आलो. सासरे गेल्यावर सासूबाईही आमच्याकडे आल्या. गोठा सुटला, चूल सुटली, नियम मात्र सामानाबरोबर आला. आधी देवाला नैवेद्य, मग माणसांना. देवाआधी कुणाच्या जिभेला लागलं की ते उष्टं, आणि उष्टं म्हणजे फेकायचं. एकादशी असो नाहीतर साधा मंगळवार असो, त्यात सूट नाही.

मग मीठ बरोबर पडलंय हे कळायचं कसं? तर वासानं. सासूबाई झाकण उचलायच्या, वाफ अंगावर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मीठ कमी हाय." हे थोतांड असणार अशी माझी पक्की खात्री होती. एकदा मुद्दाम आमटीत दुप्पट मीठ घातलं आणि गप्प उभी राहिले. त्या बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अगं, दोनदा पडलं का मीठ? बटाटा घाल त्यात." मी बटाटा घातला. काय करणार!

सव्वीस वर्षं मी त्या स्वयंपाकघरात दुसऱ्या नंबरवर होते. सकाळी डबे भरायचे, ऑफिस गाठायचं, संध्याकाळी येऊन त्या सांगतील ते चिरायचं. पोळ्या माझ्याकडे, भाजी त्यांच्याकडे. फोडणीला हात लावायचा नाही. मला हे आवडत होतं का? बिलकुल नाही. आपल्या घरात आपल्याला हवी तशी भाजी करता यावी एवढंच मला वाटायचं, आणि मी ते बोलूनही दाखवायचे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मी हाय तवर मी बघते. मला सैपाकघरातून काढलं तर मी गावाकडं जाईन. इथं बसून खाणार न्हाई." पुढं बोलायला जागाच ठेवायच्या नाहीत.

रशियन सॅलड आमच्या घरात आलं ते अंबड रोडवरच्या एका लग्नातून. सासूबाईंनी तेव्हा नवीन कवळी बसवली होती. पुरी तुटत नव्हती, पापड तर दूरच. त्या जेवणाच्या टेबलांवरून फिरत फिरत सॅलडपाशी गेल्या आणि तिथंच थांबल्या. मी बघितलं तर बशीत पांढऱ्या गोळ्याचा ढीग. पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा मला पाठवलं.

"ह्याला काय म्हनायचं?"

"रशियन सॅलड."

"रशियात हेच खात्यात?"

"मला काय माहीत आत्याबाई, मी गेल्ते का तिकडं?"

"तिथं तर लई थंडी असती म्हनं. मंग असं गारगार कशाला खात्यात?"

त्यांनी मग वाढणाऱ्याला गाठलं. यात अंडं आहे का, हे त्याच्याकडून तीन वेळा वदवून घेतलं. नाही म्हटल्यावर त्यात काय काय आहे ते विचारलं. तो बिचारा घाईत होता. "बटाटा, गाजर, वाटाणा, बीन्स, अननस, सफरचंद आणि मायोनीज," एवढं बोलून तो पळाला. घरी येताना रिक्षात त्या बोटांवर मोजत होत्या. सगळं मोजून झाल्यावर म्हणाल्या, "बाकी ठीक हाय. ते पांढरं काय ते बघायला पायजे."

ते पांढरं करायचा पहिला मान मी घेतला. मोबाईलवर बघितलं. थंडगार दूध, त्याच्या दुप्पट तेल, लिंबू, मोहरीची पूड, सगळं मिक्सरमध्ये. भांड्यात तेल वर आणि दूध खाली असे दोन थर झाले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दूध थंड नव्हतं म्हणे, तेल एकदम ओतलं म्हणे. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. हसल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवते. फक्त म्हणाल्या, "हो बाजूला."

त्यांनी आदल्या दिवशीचं दही पंच्यात बांधून नळाला टांगलं. सकाळी चक्का निघाला. श्रीखंडाला करतो तसाच, पण साखर नाही. त्यात दोन दिवसांची साय घातली. मग मोहरी घेतली. पाट्यावर थोडं पाणी शिंपडत ती वाटली आणि वाटीत काढून फेसायला घेतली. लोणच्याला फेसतात तशी, हातानं, गोल गोल, पांढरट फेस येईपर्यंत. नाकात झणका चढला की झाली. आमच्याकडे काकडीच्या कोशिंबिरीत ही फेसलेली मोहरी पिढ्यान्‌पिढ्या घालतात, पण रशियन सॅलडात ती घालावी हे डोकं त्यांचंच. शेवटी चक्क्यात रवी धरली आणि मला म्हणाल्या, "तेलाची धार सोड. बारीक. शिवणाच्या दोऱ्याएवढी." मी धार धरली, त्या रवी फिरवत राहिल्या. पाहता पाहता ते जाड, चकचकीत झालं, चमच्याला धरून राहायला लागलं. दुकानातल्या बाटलीतल्याला त्याची सर नाही. हे मी आजही कुणापुढेही म्हणेन.

भाज्यांचंही त्यांचं शास्त्र होतं. सगळ्या हरभऱ्याएवढ्या चिरायच्या. प्रत्येक वेगळी उकडायची, कारण गाजराचा रंग बटाट्याला लागला तर तो आजारी दिसतो. उकडलं की निथळून कोरड्या पंच्यावर पसरायचं आणि पंख्याखाली ठेवायचं. पाण्याचा एक थेंब राहिला तर ते पांढरं सुटतं. अननस शेवटी, वाढायच्या आधी. मीठ दोनदा, निम्मं भाजीत, निम्मं चक्क्यात. आणि अर्थातच चव घ्यायची नाही. वाटीत काढून आधी देवापुढे. कुंभार पिंपळगावपासून रामाच्या देवळाचं जांब समर्थ जवळच, त्यामुळे सासूबाईंच्या माहेरी-सासरी रामाचा मोठा धाक. त्या रामापुढे आमच्या घरी दर रविवारी रशियन सॅलडची वाटी जात असे, वर तुळशीचं पान ठेवून. मी एकदा म्हटलं, "देवाला चालतं का हे?" तर म्हणाल्या, "त्यानं शबरीची बोरं खाल्ली, बटाट्याला न्हाई म्हनल व्हय?" शबरीची बोरं उष्टी होती हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. रविवार खराब कशाला करा.

ते सॅलड आमच्या गल्लीत गाजलं. हळदीकुंकवाला मागणी यायची. शेजारणी कृती लिहून न्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायच्या की तुमच्यासारखं नाही जमलं. सासूबाई यावर फार गंभीर चेहरा करून "हात बसावा लागतो" म्हणायच्या आणि आत येऊन खूश व्हायच्या. सत्तरी ओलांडलेल्या बाईला नवा पदार्थ जमला, याचा आनंद मला तेव्हा कळला नव्हता. मला आपलं वाटायचं, आणखी एक भांडं माझ्या हातातून गेलं.

गेल्या वर्षी हिवाळ्यात त्यांना ताप आला. आठ दिवस खोकला, अंगदुखी. बऱ्या झाल्या, उठल्या आणि तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभ्या राहिल्या. सगळं पहिल्यासारखं दिसत होतं.

मग उंदीर मेला. पिठाच्या डब्याच्या मागं कुठंतरी. मी ऑफिसातून आले आणि दारातच नाकाला पदर लावला. असली घाण! नवरा खिडक्या उघडत फिरत होता. आणि सासूबाई त्या डब्याला टेकून खाली बसल्या होत्या, मेथी निवडत, निवांत. "काय झालं?" म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे, आणि मग पटकन म्हणाल्या, "हां, येऊन राह्यला थोडा वास." ज्या बाईला बाहेरच्या खोलीतून मीठ कळायचं, तिला एक हातावरचा मेलेला उंदीर कळला नव्हता.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. दूध तळाला करपलं तरी त्या चहा करून द्यायच्या. तूप कढवताना पूर्वी नाकावर बंद करायच्या, आता वाकून वाकून रंग बघायच्या. मोहरी फेसताना डोळ्यांत पाणी आलं की थांबायच्या, तेवढ्यावर भागवत होत्या. मीठ मोजायला लागल्या होत्या, चमच्यानं, सपाट करून. हातानं मीठ टाकणारी बाई चमचा धुंडाळते हे बघून मला आधी गंमत वाटली, मग नाही वाटली.

मी ऑफिसातून परस्पर एका डॉक्टरांकडे जाऊन विचारून आले. ते म्हणाले, तापानंतर होतं असं काहींना, या वयात वास परत येईलच असं सांगता येत नाही. मी विचारलं, "आणि चव?" ते म्हणाले, "जिभेला काही झालेलं नसतं. खारट, आंबट, गोड, कडू हे सगळं कळतं. वास तेवढा जातो." मी मनात म्हटलं, आमच्या घरात जीभ काय कामाची?

खरं सांगते, मला आनंद झाला होता. लाज वाटावी असा आनंद. नवऱ्याला एक वाक्य सांगितलं असतं तरी काम झालं असतं. तो गेली दोन वर्षं म्हणतच होता की आईनं आता आराम करावा. त्याला वास गेल्याचं कळलं असतं तर गॅसचं निमित्त करून त्यानं त्याच संध्याकाळी त्यांना ओट्यापासून उठवलं असतं. आणि गॅसचं निमित्त खोटं नव्हतंच. मी दोन दिवस ते वाक्य तोंडात घोळवलं. मग बाजारात जाऊन गॅस गळला की किंचाळणारी एक डबी आणली आणि ओट्यावरच्या भिंतीला लावून घेतली.

"हे काय लावलं?" सासूबाई.

"ऑफिसात सगळ्यांनी घेतली. मीपण घेतली."

"सगळ्यांनी विहिरीत उडी मारली तर तू मारशील का?"

"मारीन," मी म्हटलं. का सांगितलं नाही नवऱ्याला, ते मला आजही नीट सांगता येत नाही. "गावाकडं जाईन" हे त्या रागात म्हणायच्या, पण त्या ते करून दाखवणाऱ्यातल्या होत्या. तिथं एकटी बाई, वास न कळणारी, कुलूप लावून ठेवलेल्या घरात. नको. तर आम्ही दोघी तसंच चालवत राहिलो. त्यांना वाटायचं मला माहीत नाही. मी त्यांच्या मागं मागं दूध उतरवायचे, गॅसचे खटके बघायचे, डाळीचं भांडं उचलताना आपला हुंगून घ्यायचे.

यंदा अधिक महिना आला. लेकीचं लग्न होऊन सहा महिने झालेले, त्यामुळे जावयाला धोंड्याचं जेवण करणं आलंच. तीन वर्षांनी येणारा महिना, नवा जावई, पुरणाचे धोंडे, अनारसे आणि वाण म्हणून द्यायचे दिवे. जावई बदनापूरला नोकरीला, त्यामुळे अर्ध्या तासाचा रस्ता, न येण्याला काही कारण नाही. सासूबाईंनी पंधरा दिवस आधी जाहीर केलं, "धोंडे हायेतच. पर जावयाला रशियन सॅलड घालायचं. त्याच्या आईला कळू दे पोरगी कसल्या घरातली हाय."

"आत्याबाई, धोंड्याबरोबर सॅलड?"

"का? धोंडा काय भांडतो त्याच्याशी?"

जूनचा महिना, ऊन असं की नळाचं पाणी कढत. दही चार तासांत आंबट होत होतं, म्हणून चक्का पंच्यात बांधून नळाऐवजी फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवला. त्या दिवशी त्या पहाटेच उठल्या. मी रजा घेतली होती. पुरण माझ्याकडे दिलं होतं, यावरून काम किती होतं ते समजा. ओट्यावर हात ठेवायला जागा नव्हती. त्यातच वाणाचे चांदीचे दिवे घासून मांडलेले, आणि ते भरायला देवघरातली तेलाची बाटली आणून ठेवलेली.

आमच्याकडे तेलाच्या सगळ्या बाटल्या सरबताच्या. एकसारख्या. स्वयंपाकाचं तेल तसल्याच बाटलीत, दिव्याचं तसल्याच. दिव्याच्या तेलात सासूबाई कापूर कुटून घालायच्या, म्हणजे सांजेला डास येत नाहीत. मी कितीदा म्हटलं असेल, चिठ्ठ्या लावू. "चिठ्ठ्या कशाला? नाक हाय ना देवानं दिलेलं."

त्यांनी रवी धरली. धार धरायला मी नव्हते, मी पुरण यंत्रातून काढत होते. त्यांनी एका हातानं बाटली धरली, एका हातानं रवी. छान जमलं. सगळ्या भाज्या त्यात घातल्या, अननस घातला, वर डाळिंबाचे दाणे. काचेच्या मोठ्या वाडग्यात काढलं. खरोखर सुंदर दिसत होतं.

तोवर लेक आणि जावई आले होते. बाहेर पाणी, चहा, हसणं. सासूबाईंनी नैवेद्याचं ताट वाढायला घेतलं. धोंडा, पुरण, वरण, भात, दोन भाज्या. मी वाडग्यातून वाटी भरायला चमचा हातात घेतला आणि वाकले.

कापूर.

आधी वाटलं देवघरातून येतोय. मग पुन्हा वाकले. वाडग्यातून येत होता. ओट्यावर बघितलं तर स्वयंपाकाची बाटली काठोकाठ भरलेली, आणि दिव्याची निम्मी रिकामी.

सासूबाई ताट उचलायला हात पुसत होत्या. नवरा दारात आला, "आई, झालं का? जावईबापूंना भूक लागलीय." त्याच्यामागं लेक. माझ्याकडे फार तर दहा सेकंद होते. खरं सांगावं, तर नवऱ्यासमोर, जावयासमोर. बाटली बदलली कशी, वास कसा आला नाही, सगळं ओघानं आलंच असतं, आणि त्याच ठिकाणी त्यांचं स्वयंपाकघर संपलं असतं. गप्प बसावं, तर ते विष देवापुढे जाईल, मग जावयाच्या ताटात. पाल पडली म्हणावं, तर त्यांनी पुरणासकट सगळा स्वयंपाक टाकून दिला असता. वाडगा कोपरानं पाडायचा म्हटलं, तर तो इतका आत सरकवलेला की कोपर पोचेना.

मी चमचाभर सॅलड घेतलं आणि तोंडात घातलं.

सगळ्यांच्या देखत. चमचा पुन्हा वाडग्यात बुडवला आणि आणखी थोडं घेतलं, म्हणजे शंकाच नको. तोंडात असा कडूगार जाळ झाला की डोळ्यांत पाणी आलं, पण मी गिळलं.

"अगं बया!" सासूबाईंच्या हातातलं फडकं खाली पडलं. "अगं देवाच्या आधी? आज? अक्कल काय गहाण टाकली का? सव्वीस वर्सं झाली तुला या घरात!"

"राहवलं नाही," मी म्हटलं. "इतका छान वास येत होता."

दुसरं काही सुचलंच नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पुन्हा सुरू झाल्या. पंधरा दिवस सांगून राह्यले, पहाटेपासून करून राह्यले, आणि हिला दम न्हाई, जिभेवर ताबा न्हाई, माहेरचं वळण! जावई बाहेर मान खाली घालून बसला होता. लेक माझ्याकडे असं बघत होती की आईचं डोकं फिरलं. नवरा म्हणाला, "तूपण ना! जरा थांबायचं होतं." मी सगळं ऐकून घेतलं. एरवी मी अर्धं वाक्यसुद्धा ऐकून घेत नाही.

वाडगा मोरीत गेला. बाकीचं ताट देवापुढे गेलं, जेवणं झाली. जावयानं पाच धोंडे खाल्ले. दुपारभर मला ढेकर कापराचे येत होते, मी तोंड फिरवून देत होते.

चारच्या सुमारास लेक आणि जावई निघाले. नवरा त्यांना सोडायला गेला. मी भांडी आवरायला आत आले तर सासूबाई मोरीपाशी उभ्या होत्या. वाडगा तसाच होता, घासलेला नव्हता. त्यांनी त्यात बोट घातलं आणि ते बोट जिभेवर ठेवलं. मी त्यांना स्वयंपाकातली चव घेताना त्याआधी कधीच बघितलेलं नव्हतं.

"कडू हाय," त्या म्हणाल्या. "आणि गार. कापराचं तेल व्हतं."

मी हातातली भांडी खाली ठेवली.

"कवापासून ठाऊक हाय तुला?"

"उंदीर मेला तेव्हापासून."

"मंग बोलली का न्हाई?"

"तुम्ही तरी बोललात का?"

त्यांनी नळ सोडला, वाडगा धुवायला लागल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सैपाकघर तर तुला पायजे व्हतं. आज बराबर मिळालं असतं. गप राह्यली असती तरी मिळालं असतं."

"हो," मी म्हटलं. "माहीत आहे."

"मंग?"

"मंग काय मंग! सारखं काय विचारता?" माझा आवाज चढला. मला राग आला होता, कुणाचा ते माहीत नाही. त्या वळल्या, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "उद्यापासून तू बघ." आणि बाहेर जाऊन पंख्याखाली बसल्या. नवऱ्याला त्यांनी सांगितलं की गुडघे फार दुखतात, आता उभं राहवत नाही. वासाचं त्यांनी त्याला सांगितलं नाही, मीही नाही. तो म्हणाला, "बघ, मी म्हणतच होतो." त्याला फार समाधान वाटलं.

त्या गावाकडे गेल्या नाहीत. मी पहिले चार दिवस धास्तावले होते, पण बॅग भरली नाही, काही बोलल्याही नाहीत. बाहेरच्या खोलीत बसायच्या. भाजी दिली की निवडून द्यायच्या. "किती बारीक चिरू?" असं विचारायच्या. मला! मी सांगेन तेवढं चिरायच्या. फोडणी माझी, मसाला माझा, भाजी मला हवी तशी. ऑफिसात मैत्रिणींना मी सांगितलं, स्वयंपाकघर आता माझ्याकडे आलं. त्यांनी टाळ्या दिल्या. मी घरी येऊन मला आवडतं तसं वांग्याचं भरीत केलं, भरपूर मिरची घालून, आणि ते मला आवडलं नाही.

गेल्या रविवारी मी रशियन सॅलड केलं. सगळं त्यांच्या पद्धतीनं. चक्का, साय, मोहरी पाट्यावर वाटून, फेसून. बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या होत्या. तेलाची धार दोऱ्याएवढी, एका हातानं धार, एका हातानं रवी, त्या करायच्या तसंच. वाडग्यात काढलं. चव बघावी असं मनात आलं, कोण अडवणार होतं आता? चमचा उचलला आणि ठेवून दिला. हातच जाईना. तुळशीचं पान ठेवलं, देवापुढे वाटी ठेवली, हात जोडले, मग आम्हा तिघांची पानं वाढली.

नवऱ्यानं पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. "अगं, यात मीठच नाही," म्हणत तो मीठ आणायला आत गेला.

मी खाल्लं. नव्हतंच. निम्मं भाजीत, निम्मं चक्क्यात, आणि मी दोन्हीकडे विसरले होते. अळणी, पांढरा लगदा. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांची वाटी संपत आली होती. चमच्यानं कडेचं गोळा करून खात होत्या, नीट, शेवटपर्यंत.

"आत्याबाई, कसं झालंय?"

"बराबर हाय."

"बराबर कुठं आहे? मीठ नाही त्यात. जिभेला कळतं तुम्हाला, डॉक्टरांनी सांगितलंय मला, मीठ कळतं. तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की," त्या म्हणाल्या. "पहिल्या घासालाच."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी चमचा रिकाम्या वाटीत ठेवला.

"दुसऱ्याच्या घरी जेवताना मी मीठ मागत न्हाई, बाई."

रागानं म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. त्या रागावलेल्या नव्हत्या.